दोरीवरून उतरताना

कांताला पोफळीवर चढता येतं, हे सुंदराबाईंना मुलगी बघायला गेल्या तेव्हाच कळलं होतं. कणकवलीजवळच्या त्या गावात कांताचा बाप खोताच्या वाडीतल्या सुपाऱ्या उतरवायचा. त्याचा पाय मोडला आणि पुढे दोन हंगाम ते काम मुलीनंच केलं. गावातल्या कोणीतरी हे सुंदराबाईंना जरा खालच्या आवाजात, तक्रार केल्यासारखं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला. आमच्याकडे जिने लय आसत."

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. सुंदराबाई गिरणीत रुई झाडायच्या कामाला होत्या. नवरा कधीच गेला होता. मुलगा सीताराम त्याच गिरणीत सूतकताईच्या रिंग खात्यात होता आणि उरलेल्या वेळात चाळीच्या मंडळाकडून हुतुतू खेळायचा. लाल मातीनं त्याच्या कोपरांवर कायमचे डाग पडले होते. बोलायला कमी. कांता लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं, हा माणूस आपल्यावर रागावलाय की काय. मग कळलं, तो सगळ्यांशीच असा वागतो.

पहिल्या पाळीला जायच्या आधी, गॅलरीत कोणी उठलेलं नसताना, तो खडूनं फरशीवर एक रेघ मारायचा आणि एकच गोष्ट करत राहायचा. एक पाय पुढे, अंगठ्यानं रेघेपलीकडे जरासा स्पर्श, पाय मागे. तोंडानं हळू आवाजात हुतुतू चालू. दम संपला की थांबायचा, परत सुरू करायचा. कांता चहा घेऊन दारात उभी राहायची आणि चहा निवायचा.

एकदा ती चिडून म्हणाली, "समोर माणूस ना माणसाची सावली. कोणाशी खेळताय तुम्ही?"

"कोणाशीच नाही," सीताराम म्हणाला. "समोर माणूस आला की पायाकडे लक्ष राहत नाही. तेव्हा पाय आपला आपण गेला पाहिजे. म्हणून आता करायचं."

"आणि अजून येत नाही वाटतं?"

"येतं. पण रोज नाही येत."

ती हसली, आणि शेजारणीला सांगितलं की आमच्याकडे एक वेडा आहे, भिंतीशी हुतुतू खेळतो. मनातून मात्र तिला वाईट वाटायचं. सकाळचा तेवढाच वेळ दोघांना एकमेकांसाठी होता, आणि तो त्या रेघेपाशी जायचा.

लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा, छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. गिरण्या बंद पडल्या. सीताराम मंडळाच्या पोरांबरोबर गेला. तो काही पुढारी नव्हता, घोषणाही मोठ्यानं देत नसेल. परळच्या बाजूला गोळीबार झाला तेव्हा तो जमावाच्या मधोमध होता. गोळी मानेच्या खाली लागली. मंडळाचा कप्तान राजाराम त्याला उचलून एका दुकानाच्या फळीवर घेऊन गेला, पण तोवर काही उरलं नव्हतं. राजाराम चाळीत आला तेव्हा त्याचा शर्ट पुढून सगळा वाळून कडक झाला होता. सुंदराबाईंनी तो शर्ट बघितला आणि त्या जिन्यातच खाली बसल्या.

कांता रडली नाही. बायकांनी तिला हलवलं, छातीशी धरलं, तिच्या देखत मोठ्यानं रडल्या. ती भिंतीला टेकून बसली होती तशीच बसून राहिली. सुंदराबाई महिन्याभरानं पुन्हा गिरणीत जायला लागल्या, कारण जाणं भागच होतं. संध्याकाळी येऊन बघायच्या तर सून सकाळी जिथं होती तिथंच. एकदा नळावरून येताना कांताच्या हातातून भरलेली बादली सुटली आणि दोन जिने पाणी वाहत गेलं. तिच्या हातात जोरच नव्हता. पोफळीवर चढणारी पोर ती.

शेवटी राजारामनंच गोष्ट काढली. त्याचं येणं-जाणं थांबलं नव्हतं. तो आला की दारात उभा राहायचा, आत बसायचा नाही.

"काकी, दादरला एक व्यायामशाळा आहे. बायकांचा वर्ग असतो संध्याकाळी. दोरीचा मल्लखांब शिकवतात. तिथल्या बाईंना मी ओळखतो. वहिनीला पाठवा."

सुंदराबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतीत?"

"लोक काय, आत्ताही म्हणतायतच ना."

सुंदराबाईंनी रात्रभर विचार केला असेल. सकाळी डबा भरताना त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "आज दादराक जा. राजाराम सांगात तसा कर."

व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. मधल्या तुळईला लोखंडी कडी, कडीतून सुताची जाड दोरी, खाली काथ्याची गादी. शिकवणाऱ्या मृणालिनीबाई कीर्तिकर ठाकूरद्वाराहून यायच्या. पन्नाशीच्या, काष्ट्याचं पांढरं पातळ, गळ्यात शिट्टी. घराणं मुंबईतलं जुनं, पण त्याचा तोरा अंगावर नव्हता. होता तो शिस्तीचा. त्यांनी कांताला काही विचारलं नाही. सांत्वनाचा शब्दही काढला नाही. म्हणाल्या, "दोरी धर. पाय उचल. राहवेल तेवढं राहा."

कांता लटकली. लगेच सुटली.

"ठीक आहे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेजारच्या दोरीवर शाळेतल्या मुली वर जाऊन हात सोडून आडव्या व्हायच्या. नलू नावाची एक मुलगी तर तुळईपाशी जाऊन बाणासारखी ताठ व्हायची, आणि खालच्या मुली टाळ्या वाजवायच्या. कांता मात्र जमिनीपासून वीतभर वर लटकत होती. कोणी हसत नव्हतं. तिच्याकडे बघताना त्यांचे आवाज खाली यायचे, कारण राजारामनं तिच्याबद्दल सांगून ठेवलं होतं. ते तिला जास्त लागायचं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वर्ग सुटला. बाई कपाटाला कुलूप लावायला आतल्या खोलीत गेल्या. कांतानं पदर खोचला, दोरी धरली आणि पोफळीवर चढायची तशी एका दमात वर गेली. तुळईपर्यंत. हातात जोर कुठून आला तिलाही कळलं नाही. पत्र्याच्या फटीतून परळकडची धुराडी दिसत होती. तिथं वर तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. कीव करून बघणारं तिथं कोणी नव्हतं. ती तशीच लटकून राहिली.

मग दंड भरून आले. खाली यायला तिनं पोफळीवरची सवय वापरली, मांड्यांनी दाबून घसरायचं. पण दोरी तिच्यासकट फिरली, पायांतून निसटली, आणि सगळा भार तळहातांवर आला. दोरी हातातून सणसणत गेली. ती गादीवर आपटली तेव्हा तळहातांची कातडी निघालेली होती.

मृणालिनीबाई धावत आल्या. ओरडल्या नाहीत. तिला मोरीपाशी नेऊन तिच्या हातांवर पाणी ओतत राहिल्या.

"पोफळीवर चढायचीस ना तू? राजाराम म्हणाला होता."

"हो."

"पोफळ जागची हलत नाही. ही तू हललीस की हलते." बाईंनी फडक्याच्या पट्ट्या फाडल्या. "चढलीस चांगली. पण तुला उतरता येत नाही, आणि उतरता येत नाही त्याला मी चढू देत नाही. हात बरे होऊ देत. मग आपण उतरण्यापासून सुरू करू."

कांता मान खाली घालून म्हणाली, "बाई, मला वरून यायचंच नव्हतं."

बाईंनी पट्टीची गाठ मारली. "माहीत आहे. म्हणूनच सांगते, बरे झाले की ये."

घरी सुंदराबाईंनी पट्ट्या बघितल्या. "ह्या काय गो?"

"पडले."

त्यांनी पट्ट्या सोडल्या, खोबरेलात हळद कालवली आणि बोटानं हळूहळू लावायला लागल्या. कांतानं हात मागे ओढला. "आई, झोंबतंय." सुंदराबाईंनी मनगट सोडलं नाही. "आई, लय झोंबतंय हो." आणि मग ती रडायला लागली. हातासाठी म्हणून सुरू झालेलं ते रडणं थांबेचना. शेजारच्या खोलीतलं बोलणं बंद झालं. सुंदराबाई तिचं मनगट तसंच धरून म्हणाल्या, "झोंबूंदे. रड. जानेवारीपासून वाट बघतंय मी." आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस सुंदराबाईंनी तिला आपल्या हातानं भात भरवला.

हात बरे झाल्यावर ती परत गेली, आणि खरोखरच उतरण्यापासून सुरुवात झाली. बाई तिला स्टुलावर उभं करून दोरी धरायला लावायच्या आणि स्टूल काढून घ्यायच्या. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी धरायची. आधी पाय खाली, पकड बसली की हात खाली. दोन्ही एकदम कधीच सोडायचं नाही. स्टुलाच्या उंचीवरून जमिनीपर्यंत, एवढंच. परत स्टूल. बोटांच्या बेचक्यात कातडी फाटायची, बरी व्हायची, परत फाटायची. महिने गेले. तिच्या मागून आलेल्या मुली वर जाऊन आसनं करायला लागल्या.

नलूनं एकदा विचारलं, "कांताताई, तुम्हाला कंटाळा नाही येत? बाई तुम्हाला कधी सोडणार वर?"

"माहीत नाही गं," कांता म्हणाली.

तिला कंटाळा यायचाच. पण संध्याकाळी दोरी हातात असताना दुसरा कसलाच विचार करता यायचा नाही. पाय कुठं, हात कुठं, एवढंच. घरी परत येताना दादरच्या पुलापासून सीताराम पुन्हा डोक्यात यायचा. त्या शेडमध्ये मात्र तेवढा वेळ सुटका होती, आणि सुटका झाली म्हणून नंतर अपराध्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या रस्त्यांवर माणसं मावेनात. सुंदराबाई आणि कांता चौपाटीपर्यंत चालत गेल्या, तिथंच सगळ्यांबरोबर हात जोडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येताना सुंदराबाई म्हणाल्या, "एका वर्सात माझे दोघे गेले." कांतानं त्यांचा दंड धरला होता, तो घरापर्यंत सोडला नाही.

नंतर कधीतरी, थंडी संपत आली होती तेव्हा, कांता नेहमीसारखी उतरत होती. बाजूला दोन मुली भांडत होत्या, ती त्यांच्याकडे बघत होती. आणि तिच्या लक्षात आलं की आपण पायाकडे बघितलंच नाही. अंगठ्यानं दोरी स्वतःच शोधली होती, स्वतःच धरली होती. पाय आपला आपण गेला होता.

ती जमिनीवर उतरली आणि दोरी हातात धरून उभीच राहिली.

त्या संध्याकाळी ती ट्राममध्ये बसली नाही, चालत घरी आली. दीड वर्षाच्या संसारात तिला त्या माणसाबद्दल काय कळलं होतं? बांगडा आवडायचा. झोपेत दात खायचा. आईला उलट बोलायचा नाही. एवढंच. सकाळी गॅलरीत तो काय करायचा हे तिनं दारात उभं राहून रोज बघितलं होतं आणि ते वेड आहे असं समजून चाळभर सांगितलं होतं. आता ते तिला पायाच्या बोटापासून कळलं होतं. आज तो असता तर ती चहा बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसली असती, आणि कुठं दम तुटतो, पाय कधी चुकतो, असं काहीतरी विचारलं असतं. त्यालाही बोलता आलं असतं. कदाचित तो एवढा गप्प माणूस नव्हताच. त्याला त्याच्या कामाचं विचारणारं कोणी भेटलं नव्हतं.

सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, हे सकाळी गॅलरीत काय करायचे ते मला आज कळलं."

"काय?"

"सराव," ती म्हणाली.

सुंदराबाईंनी तिच्याकडे बघितलं. "ता माका ठावक होता," त्या म्हणाल्या आणि सुपातला खडा काढून टाकला.

पुढची वर्षं अशीच गेली. मृणालिनीबाईंनी तिला वर सोडलं, आणि ती सावकाश वर गेली आणि सावकाश खाली आली. नलूसारखं तिचं अंग वळायचं नाही. पण ती कधी पडली नाही. नव्या मुली आल्या की बाई त्यांना कांताकडे द्यायच्या. ती त्यांना स्टुलावर उभं करायची. कोणी रडायला लागली की ती ओरडायची नाही, पण स्टूलही परत द्यायची नाही.

मग महाराष्ट्र होणार हे ठरलं. एक मेला चाळीच्या मागच्या मैदानात मोठा कार्यक्रम करायचं मंडळानं ठरवलं आणि राजाराम दारात आला.

"वहिनी, तुमच्या दोरीच्या मल्लखांबाचं प्रात्यक्षिक ठेवलंय. बाईंशी बोललोय मी. सुरुवात तुम्ही करायची." मग तो म्हणाला, "आणि आम्ही माइकवरून सांगणार, ह्या हुतात्मा सीताराम तांबे यांच्या पत्नी."

"नको," कांता लगेच म्हणाली.

"का?"

"आता कुठं तिथं मी नुसती कांता झालेय. दोरीवर माझा हात चुकला तर माझा चुकतो, बरोबर आला तर माझा येतो. तसं सांगितलंत तर लोक दोरीकडे बघणार नाहीत. माझ्या कपाळाकडे बघतील."

आतून सुंदराबाई म्हणाल्या, "तुका नको. माका व्हया."

कांता वळली. सुंदराबाई चुलीपाशी बसल्या होत्या, पाठमोऱ्या.

"चार वर्सा झाली. चाळीतली मानसा तेका आता 'सुंदराबायचो झील' म्हणतत. नवीन ऱ्हावाक इलेत तेंका तर ठावकच नाय. नाव इसारले सगळे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "एकदा त्या भोंग्यातसून तेचा नाव येंवदे. सगळ्यांनी आयकूंदे. मगे तुका काय व्हया ता कर."

कांता राजारामला म्हणाली, "सांगा तुम्ही."

एक मेच्या संध्याकाळी मैदान माणसांनी भरलं होतं. दिव्यांच्या माळा, पताका, कर्ण्यांवरून गाणी. मंचाच्या एका बाजूला बांबूंची उंच चौकट उभी करून वरच्या आडव्या बांबूला दोरी बांधली होती. सुंदराबाई नवं लुगडं नेसून दुपारपासून पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. शेजारणीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, नाव येईल तेव्हा गप्प राहायचं.

पाहुण्यांचं भाषण लांबलं. मग दुसऱ्या पाहुण्यांचं. उजेड कमी झाला. राजाराम पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गर्दीतून निघाला आणि तिकडेच अडकला. माइकपाशी राहिलेल्या कार्यकर्त्यानं हातातल्या घड्याळाकडे बघून पुकारलं, "मल्लखांबाच्या भगिनींनी यावं. वेळ फार थोडा आहे, दोन मिनिटांत आटपावं ही विनंती."

बस. पुढे काही नाही.

कांतानं पहिल्या रांगेकडे बघितलं. सुंदराबाई मान उंच करून कर्ण्याकडे बघत होत्या, अजून काही येईल म्हणून. मृणालिनीबाईंनी शिट्टी वाजवली. कांतानं दोरीला हात लावून नमस्कार केला आणि चढायला लागली.

दीड पुरुष उंचीवर गेल्यावर तिला काहीतरी जाणवलं. दोरी अगदी बारीक थरथरली होती, आणि ती स्वतः हललेली नव्हती. तिनं एक श्वास घेतला, पकड घट्ट केली, थांबली. पुन्हा तसंच. वर कुठंतरी काहीतरी सरकत होतं. गर्दीतून कोणी शिट्टी मारली. खालून नलू दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, वर! वर जा ना!"

कांता वर गेली नाही. आधी पाय, मग हात. आधी पाय, मग हात. झटका न देता, घाई न करता, एवढ्या लोकांसमोर ती स्टुलावरून उतरायला शिकली होती तशी उतरली. पाय जमिनीला लागले तेव्हा दोन-चार टाळ्या पडल्या. बहुतेकांना वाटलं, बाई घाबरली.

"बाई, वरची बांधणी सुटतेय," ती मृणालिनीबाईंच्या कानाशी म्हणाली.

बाईंनी वर बघितलं नाही, विचारलं नाही. लांब शिट्टी वाजवून त्यांनी नलूला दोरीपासून मागे ओढलं. नलू रडकुंडीला आली. "माझी पाळी होती! सहा महिने केलंय मी हे!" मंडळाचा एक माणूस शिडी लावून वर गेला. आडव्या बांबूचा काथ्या एका बाजूनं उसवला होता आणि बांबू अर्धा निसटून टेकला होता. तो माणूस खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नलूचं रडणं एकदम थांबलं. बाईंनी कांताच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. माइकवरून सांगण्यात आलं की मल्लखांब रद्द झाला असून आता लेझीम होईल.

कांता पहिल्या रांगेकडे गेली. सुंदराबाई तशाच बसल्या होत्या.

"नाव घेतल्यानी नाय," त्या म्हणाल्या.

गर्दी फोडत राजाराम आला. त्याला सगळं कळलं होतं. "काकी, चुकलं माझं. मी नव्हतो तिथं. थांबा, आत्ता घेतो. आत्ता." तो मंचाकडे धावला. पण हलगी आणि लेझीम सुरू झाली होती. माइकपाशी त्याचे ओठ हलताना दिसले, हात हलताना दिसला. काहीच ऐकू आलं नाही. पोरं नाचत होती, आणि त्यांच्यावर चिडावं असं त्यांनी काही केलं नव्हतं.

"चला आई," कांता म्हणाली.

मैदानाबाहेर रस्त्यावरही गर्दीच होती. थोडं चालल्यावर सुंदराबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. कांता शेजारी बसली. समोरून माणसं हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जात होती.

"तू बरी उतरलंस," सुंदराबाई म्हणाल्या. "मी बघी होतंय. माका वाटला, आता ही पडतली. तू पडाक नाय." मग त्यांचा चेहरा रडवेला झाला. "पन माझ्या झिलाचा नाव कोण घेतला नाय गो. आज तरी घेवचा होता."

कांता त्यांच्या आणखी जवळ सरकली.

"तू घे," सुंदराबाई म्हणाल्या.

"मी?"

"मगे कोण? मी घरात घेतंयच. पन माझा कोण आयकता? तू घे. मोठ्यान घे."

लग्नात बायकांनी अडवलं तेव्हा कांतानं उखाण्यात ते नाव एकदा घेतलं होतं, तेही पुटपुटत. त्यानंतर कधीच नाही. तो होता तेव्हा 'अहो' होतं, गेल्यावर 'हे' राहिलं. एकटी असतानाही तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"सीताराम," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या सुंदराबाईंनाच ऐकू आलं.

"मोठ्यान."

"सीताराम."

जवळून जाणाऱ्या एका बाईनं वळून बघितलं. कांता उभी राहिली.

"सीताराम तांबे!"

रस्त्यानं झेंडे लावलेला एक ट्रक हळूहळू येत होता. मागे उभी असलेली माणसं दिवसभर घोषणा देऊन घसा बसलेली, गुलालानं माखलेली. कोणीतरी नाव पुकारलंय एवढंच त्यांनी ऐकलं. कोणाचं, ते विचारायला ती थांबली नाहीत. सवयीनंच त्यांचे हात वर गेले.

"अमर रहे!"

ट्रक पुढे निघाला. कांतानं पुन्हा हाक घातली, आता पूर्ण ताकदीनं, आणि त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं ते लांबून, परळच्या वळणावरून, शब्द कळणार नाहीत असं.

सुंदराबाई पायरीवरून त्या दिशेला कान लावून बसल्या होत्या. आवाज पार विरून गेला तरी त्या उठल्या नाहीत. कांता परत त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.